गिरणीची मुकी बोली

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त झालंय. म्हणजे तसं बघितलं तर मीच मोठी. तरी लिहायला बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली, पदर सारखा केला, आणि हात म्हणाला, 'तुम्ही'च लिही. काल संध्याकाळी नातीनं अभ्यासासाठी टीव्हीचा आवाज बंद केला. मी चित्रं बघत बसले होते. मध्येच म्हणाले, "हा मंत्री सांगतोय, पाण्याचं पुढच्या महिन्यात बघू." नात माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आजी, आवाज तर बंद आहे. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "ओठ बघितले की. गिरणीत शिकले मी हे." तर ती म्हणते, "तू तर शाळेत शिकलीस ना?" म्हटलं, "बाई गं, सकाळी गिरणीत शिकले आणि दुपारी शाळेत. आणि दोन्हीकडचं एका माणसामुळं टिकलं." मग तुमचं सगळं तिला सांगत बसले. तिचा अभ्यास राहिला तो राहिलाच. सांगून झाल्यावर वाटलं, सगळ्या जगाला सांगून झालं, फक्त तुम्हालाच सांगायचं राहिलंय.

आम्ही मंद्रूपकडची माणसं, तुम्हाला ठाऊकच आहे. वडलांनी मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि सोलापूरला येऊन गिरणीत लागले. त्यांच्या मागोमाग आई, आणि आईच्या मागोमाग मी. बारा वर्षांच्या आतलं पोर गिरणीत घ्यायचं नाही असा कायदा होता आणि मी होते नऊची. आईनं मला डॉक्टरापुढं उभी केली. त्यानं "आ कर" म्हणून बैलाचे बघतात तसे माझे दात बघितले, आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि कागदावर बारा लिहून टाकलं. घरी येताना आई म्हणाली, "सकाळी नऊची गेली आन दुपारी बाराची होऊन आली. लई झरझर वाढली की गं माझी बाय." आम्ही दोघी हसत हसत घरी आलो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आता या वयात मला कळत नाही, पण हसलो हे खरं. लहान पोरांना अर्धा दिवसच काम द्यायचं असाही नियम होता, म्हणून सकाळच्या भोंग्याला मी आत जायची आणि दुपारी बाहेर पडायची. सूतकताईच्या खात्यात सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिना गोळा करून टोपलीत भरायच्या, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते, पण टोपली माझ्या कमरेएवढी होती.

त्या खात्यात आवाज असा की शेजारच्याच्या कानात तोंड घातलं तरी ऐकू यायचं नाही. मग माणसं बोलायची कशी? ओठ हलवून आणि हातानं. आवाज काढायचाच नाही, फक्त शब्दाचा आकार तोंडानं नीट करायचा, बाकी हात सांगायचे. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मुकादम आला. मनगटावर बोट आपटलं की भोंग्याला किती वेळ आहे. कोणी मराठी बोलायचं, कोणी तेलुगू, कोणी कानडी, पण ओठांवर सगळं मिसळून एकच बोली झाली होती. चार साच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, पलीकडची बाई नवऱ्याच्या कागाळ्या सांगायची आणि मी इथं टोपली भरता भरता खुदुखुदू हसायची. नऊ वर्षांच्या पोरीनं ऐकू नये ते सगळं मी तिथंच बघितलं. हो, ऐकलं नाही, बघितलंच.

आणि मग तुमची शाळा. आमच्या भागात मुलींची वेगळी शाळा नव्हती, म्हणून मुली भिंतीकडच्या रांगेत आणि मुलं खिडकीकडच्या. मी पोहोचायची ती मधली सुट्टी संपता संपता, केसांत कापसाची पिंज घेऊन. पहिल्या दिवशी तुम्ही नाव विचारलंत आणि मी सांगितलं. पाच-सहा तास त्या आवाजात काढून आलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळतच नाही, मास्तर. अख्खा वर्ग दचकला. शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. तुम्ही उजवा कान माझ्याकडं वळवलात, तुमची ती सवयच होती, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "हळू गं पोरी. होटगीच्या स्टेशनावर गाडी थांबेल तुझ्या आवाजानं." वर्ग हसून लोळला. मला मात्र वाटलं, धरणी दुभंगावी. रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं आपलं बसकर उचललं आणि हातभर पलीकडं सरकली. केसांतला कापूस तिच्या वहीवर पडत होता म्हणे.

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. मी बोलायला गेले की पोरी कानावर हात ठेवायच्या. संध्याकाळी त्या सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी घरी भाकरी थापत असायची, कारण आई अजून गिरणीत असायची. आणि वर्गात मला झोप यायची. सकाळी जे शिकवलेलं असे ते मला माहीत नसायचं, दुपारी जे शिकवाल ते झोपेत निसटायचं. हे सगळं आज मी हसत हसत लिहितेय म्हणून ते चांगलं होतं असं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला खेळायला कोणी नसावं, ही फार वाईट गोष्ट आहे. माझ्या नातीवर ती वेळ आली असती तर मी गिरणीच्या दारात जाऊन आडवी पडले असते. पण तुम्ही मला झोपेतून कधी उठवलं नाहीत. डोकं पाटीवर आपटायला लागलं की माझ्या डोक्याखाली स्वतःची टोपी सरकवायचात, उशीसारखी. जागी झाले की टोपी परत द्यायची, आणि तुम्ही ती झटकून डोक्यावर घालायचात, पुढं शिकवायला लागायचात.

वर्गात माझ्या खात्यातलाच एक पोरगा होता, विणकरांच्या गल्लीतला, घरी तेलुगू बोलणारा. तो खिडकीकडं, मी भिंतीकडं. आवाज काढला की हसतात म्हटल्यावर आम्ही दोघांनी आपली गिरणीची बोली काढली. ओठांनी बोलायचो. तुमच्यासाठी खूण ठरवली, कानाला हाताचा द्रोण लावायचा, की मास्तर. तुमच्या कोटाच्या कोपराला ठिगळ होतं, त्याच्यावर बोलायचो. तुम्ही कविता नाकातून म्हणायचात, त्याच्यावर बोलायचो. तुमच्या डब्यात रोज पिठलंच का, यावर तर आमचा मोठा वाद चालला होता. एक दिवस बघते तर कारकुनाची मुलगी माझ्याकडं टक लावून बघतेय. शाळा सुटल्यावर आपण होऊन जवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं मघाशी काय बोललात? मला शिकव ना."

मला शिकव ना. मास्तर, त्या तीन शब्दांनी मला काय झालं ते कसं सांगू? ज्या वर्गात मला काहीच येत नव्हतं तिथं माझ्याकडं कोणी शिकायला आलं होतं. मी तिला तोंडासमोर बसवून एकेक अक्षर शिकवलं. 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात, तिथं मागचं पुढचं बघून ओळखायचं. बदल्यात तिनं मला सकाळचा धडा शिकवायला सुरुवात केली. ती रोज सकाळचं सगळं पाठ करून ठेवायची आणि मी आले की ओठांनीच मला भराभरा सांगायची. बसकर परत हातभर अलीकडं आलं. तिचं बघून दुसरीनं शिकलं, मग तिसरीनं, मग खिडकीकडच्या पोरांनी. दिवाळीपर्यंत अख्खा वर्ग मुक्यानं बोलायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, काय ही शिस्त. हेडमास्तर दाराशी येऊन उभे राहायचे, मान डोलवायचे, बाकीच्या मास्तरांना आमचा वर्ग दाखवायचे. तुम्ही हात मागं बांधून उभे राहायचात. आणि आम्ही त्या शांततेत कोणाच्या घरी काय शिजलं इथपासून कोणाला कोण आवडतं इथपर्यंत सगळं बोलून घ्यायचो. माझ्या आयुष्यातले इतके हसरे दिवस पुढंही फार थोडे आले.

मग माझ्या मैत्रिणीनंच, त्या कारकुनाच्या मुलीनं, घोळ घातला. तिच्या वडलांना भरघोस मिशा होत्या. एका संध्याकाळी ते ऑफिसातून दारात आले, आणि हिनं भावाला खबरदार करायला सवयीनं मिशीला पीळ दिल्याची खूण केली. मुकादम आला. वडलांनी ते नेमकं बघितलं. पोरगी आपल्या मिशीची नक्कल करते म्हणून तिला उभं केलं, तर घाबरून तिनं सगळंच सांगून टाकलं, की ही गिरणीची खूण आहे, अशा लई खुणा आहेत, आणि अख्ख्या वर्गाला येतात. दुसऱ्या दिवशी ते शाळेत. त्यांच्याबरोबर आणखी दोन पालक. आमची मुलं शिकायला पाठवतो, गिरणीतले चाळे उचलायला नाही, म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी आता म्हणणार नाही, त्यांना ती बोली कळत नव्हती आणि न कळणाऱ्या गोष्टीत माणसाला वाईटच दिसतं. हेडमास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, पोरगी तशीही अर्धा दिवसच येते, शनिवारी नाव काढतो, तिला पुरती गिरणीतच घाला. आई तुमच्याकडं आली. मी तिच्या लुगड्यामागं उभी होते. "मास्तर, शिकून ही कुटं मामलेदार हुनार न्हाय, मला कळतंय की. पर आता नाव काढलं तर मुकादम हिला दोन पाळ्या लावंल. मग ही पोर हसायची बंद हुईल. गिरणीतनं आली की मला रोज शाळेचं सांगती, तेवढंच आमच्या घरात हसू हाय." तुम्ही म्हणालात, "बाई, शनिवार यायचा आहे अजून."

शनिवारी तुम्ही आम्हाला पाढे लिहायला लावलेत आणि पटांगण ओलांडून हेडमास्तरांच्या खोलीत गेलात. त्या खोलीची खिडकी आमच्या खिडकीसमोर. ऐकू येण्याइतकी जवळ नाही, पण दिसायला अगदी स्वच्छ. हेडमास्तर पाठमोरे बसले होते आणि तुम्ही आमच्याकडं तोंड करून उभे. क्षणभरात सगळा वर्ग खिडकीशी गोळा झाला. पुढं मी आणि तो विणकराचा पोरगा, कारण आमची नजर सगळ्यांत तयार. मागं बाकीचे. माझी मैत्रीण माझा हात घट्ट धरून रडत होती, म्हणून तिला काही दिसत नव्हतं, ती सारखी विचारत होती, "काय म्हणतात? काय म्हणतात गं?"

तुम्ही म्हणालात, ती हुशार आहे. मग थांबलात, हेडमास्तर काहीतरी बोलले असणार. तुम्ही म्हणालात, त्या खुणा वाईट नाहीत, साहेब. पुन्हा थांबलात. मग तुम्ही टोपी काढलीत, मेजावर ठेवलीत, आणि म्हणालात, "मला माहीत आहेत, कारण मी पण बॉबिनाच उचलल्यात. हिच्याहून लहान होतो. हा डावा कान तिथंच गेला." माझ्या शेजारच्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. त्यालाही तेच दिसलं होतं. तुमचं ते स्वच्छ मराठी, तो कोट, ते अक्षर, यातून कोणाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. तुम्ही पुढं बोलतच होता. "एका मास्तरांनी मला असंच अर्ध्या दिवसावर ठेवून घेतलं, म्हणून आज तुमच्यापुढं उभा आहे. हिचं नाव काढायचं तर या शाळेतलं माझंही काढा. आणि पोरं काय बोलतात ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय, साहेब. सगळं कळतं. एक वाईट शब्द नाही बोलली आजवर."

हे शेवटचं मात्र धादांत खोटं होतं, मास्तर. बोललो होतो आम्ही. बरंच बोललो होतो.

आधी सगळा वर्ग गप्प. म्हणजे ओठांनीही गप्प. आणि मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. सगळं कळतं म्हणजे ठिगळाचं कळलं. नाकातल्या कवितेचं कळलं. पिठल्याचं कळलं. विणकराच्या पोरानं तर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, कारण पिठल्यावर सगळ्यांत जास्त तोच बोलला होता, आणि त्यात तुमच्या घरच्या बाईंचाही उद्धार केला होता. मला एकीकडं हसू फुटत होतं आणि एकीकडं डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मैत्रिणीला शेवटी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण टोपीला कुबट म्हणालो ते पण?" तेवढ्यात तुम्ही पटांगणात दिसलात आणि आम्ही पडत धडपडत जागेवर जाऊन पाढे लिहायला लागलो.

तुम्ही आत आलात, टोपी घातलेली, चेहरा नेहमीचा. म्हणालात, "हेडमास्तरसाहेबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली आहे. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येतील, त्यांच्या परीक्षेत पास झाली तर ही या शाळेत राहील. आणि हे हातवारे कोणी घरी करायचे नाहीत." घरी, असंच म्हणालात. वर्गाचं नाव काढलं नाहीत. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, आणि तुम्ही गिरणीत होता हे कोणी कधी बाहेर काढलं नाही. एवढी पोरं, आणि एकाच्याही तोंडून गेलं नाही, आई-बापाजवळसुद्धा नाही. मोठेपणी कोणी दुकानात बसलं, कोणी मागावर बसलं, कोणी पुण्याला गेलं, भेटलो की तुमच्या आठवणी निघायच्या, पण ती गोष्ट आम्ही ओठांनीच बोलायचो, आवाज न काढता. मला मात्र एक कोडं आहे. ज्याला ओठ वाचता येतात, तो माणूस वर्गाच्या खिडकीकडं तोंड करून का उभा राहिला? विसरलात, की मुद्दाम? हे विचारायचं धाडस मला तुम्ही असेपर्यंत कधी झालं नाही.

त्यानंतर आमच्या बोलण्यात केवढा फरक पडला म्हणून सांगू. तुमच्यासमोर आम्ही एकमेकांना मुद्दाम सांगायचो, काय सुरेख कविता म्हणतात आपले मास्तर. पिठल्यासारखा दुसरा पदार्थ नाही, असं विणकराचा पोरगा दिवसातून दोनदा जाहीर करायचा. तुमची मिशी नुसती हलायची, बाकी चेहरा कोरा. माझा अभ्यास आता सगळा वर्ग घ्यायला लागला. सकाळचा धडा एकजण सांगे, गणित दुसरा, आणि झोप आली की मैत्रीण कोपरानं ढोसे. दिपोटीसाहेब आले, त्यांनी धडा वाचायला लावला, मी इतक्या मोठ्यानं वाचला की ते मागं सरकले आणि म्हणाले, पुरे, पुरे, पास. गिरणी काही लगेच सुटली नाही. पण शाळाही सुटली नाही. सातवीची फायनल पास झाले, पुढं दवाखान्यात नर्स झाले, आणि तिथं मला कोणी कधी हळू बोल म्हणालं नाही, कारण बाळंतिणींना दम द्यायला माझाच आवाज कामाला यायचा. मैत्रिणीची दोन्ही बाळंतपणं मी केली. तिचे वडील पेढे घेऊन आले होते, मिशा पांढऱ्या झालेल्या.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. मोठ्यानं वाचूनही दाखवणार नाही, माझ्या आवाजात वाचलं तर सगळ्या गल्लीला कळायचं. फक्त एक गोष्ट नातीलाही सांगितली नाही, ती सांगते. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तुम्ही फळ्यावर गणित मांडत होता आणि मध्येच वर्गाकडं वळलात. तेव्हा मी मैत्रिणीकडं तोंड करून ओठांनी म्हणाले, "मास्तर आपलं माणूस हाय." तुम्ही चटकन पुन्हा फळ्याकडं वळलात आणि सात आठे चौपन्न लिहिलंत. सगळ्या वर्गाला चूक दिसली आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरी आपसांत बोलतायत आणि आपण चोरून बघितलं. तसं नव्हतं, मास्तर. माझी मैत्रीण तेव्हा खाली मान घालून पाटी पुसत होती. तिला मी बोलले हेसुद्धा माहीत नव्हतं.